बाळकुमची अमेरिकन घोडी

शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात पाच वर्षं काढली असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. टिप मिळायची का? आणि घोड्यावर बसता येतं का? टिप मला कधी मिळाली नाही, आणि घोड्यावर मी आजतागायत बसलेले नाही. माझं काम कागदाचं होतं. आता मी डोंबिवलीत एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते, तेही कागदाचंच. संपादकबाईंनी "त्या कामातल्या गमतीजमती लिही" असं सांगितलं आहे. गमती होत्या, त्या लिहीन. पण त्या कामाची आठवण निघाली की मला आधी राग येतो. सहा वर्षं झाली तरी तो कमी झालेला नाही, तेव्हा तोही लिहिणार आहे.

ठाण्याला टेंभी नाक्यावर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कर्णिकांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन लोखंडी कपाटं, एक फोन आणि भिंतभर जाडजूड इंग्रजी पुस्तकं. त्या पुस्तकांत अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या घोड्यांच्या वंशावळी. ज्या फार्मवर शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते तिथली शिंगरं दरवर्षी लिलावाला निघत आणि त्या लिलावाचा कॅटलॉग कर्णिक तयार करून देत. एका शिंगराला एक पान. ते पान मी लावायची.

कर्णिकांना शुद्ध इंग्रजी लिहिणारी, कमी बोलणारी मुलगी हवी होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे पहिली अट पुरी होत होती, दुसरी मी जन्मापासून पुरी करत आले होते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "मूळची कुठली तू?"

"मोहन्याची. बाबा तिथे कारखान्यात आहेत."

"हो, पण त्याआधी? आडनावावरून नीटसं कळत नाही म्हणून विचारलं."

कळत नव्हतं म्हणून विचारलं की कळलं होतं म्हणून, ते मला कळलं. मी गावाचं नाव सांगितलं. नोकरी मिळाली. मग रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कोण कुणाच्या पोटचं, एवढंच लिहायचं काम. घरी जाऊन मी बाबांना घोड्यांच्या सात-सात पिढ्या म्हणून दाखवायची. बाबांना स्वतःच्या आजोबांच्या पलीकडचं नाव माहीत नव्हतं, कारण ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नव्हतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पण सुनीता, पळायला पणजोबा कशाला लागतो गं?"

कॅटलॉगचं पान कसं असतं ते सांगते. वर शिंगराचा बाप, आई, दोघांचे आईबाप. खाली आईच्या बाजूचा सगळा गोतावळा. त्या गोतावळ्यात जो घोडा मोठी शर्यत जिंकला असेल त्याचं नाव ठळक अक्षरांत छापायचं. बाकीचे सगळे बारीक. विकत घेणारा पान वाचत नाही, तो लांबूनच पानावर काळं किती आहे ते बघतो. छापखान्याला कळावं म्हणून मी ठळक नावाखाली नागमोडी रेघ मारायची. त्या एका रेघेवर शिंगराचं नशीब ठरायचं, आणि ती मारणारी मी, जिने जिवंत रेसचा घोडा तोवर जवळून पाहिला नव्हता.

अमेरिकेच्या तीन शर्यती मला तोंडपाठ होत्या. तिन्ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी, सव्वा मैल. दोन आठवड्यांनी प्रीकनेस, थोडी कमी. आणखी तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कला बेलमाँट, पूर्ण दीड मैल. पाच आठवड्यांत तिन्ही जिंकणारा घोडा म्हणजे तिथला राजा, आणि असे राजे फार थोडे. कर्णिकांनी एकदा व्हीसीआर मागवून मला सेक्रेटेरियटची त्र्याहत्तर सालची बेलमाँट दाखवली. शेवटच्या वळणानंतर तो इतका पुढे निघून गेला, की बाकीचे घोडे दिसावेत म्हणून कॅमेरा मागे मागे घ्यावा लागला. एकतीस लांब्यांनी जिंकला. म्हणजे त्याच्यामागे एकतीस घोडे एकामागे एक उभे राहिले असते. मी टेबलाची कड धरून पाहत होते. त्या वेळी तो कुणाचा मुलगा हे मला आठवलंसुद्धा नाही.

बाबांना मात्र कॅनोनेरो आवडायचा. जन्म केंटकीचा, पण पुढचा पाय वाकडा, म्हणून मातीमोलाने विकला गेला आणि व्हेनेझुएलाला गेला. तिथून एकाहत्तर साली परत आला आणि केंटकी डर्बी जिंकला. मग प्रीकनेसही जिंकला. बेलमाँटला पाय दुखावलेला होता, तिथे हरला. बाबा म्हणायचे, "ज्यांनी विकला त्यांची तोंडं बघायला पाहिजे होती."

आता घोडा ओळखायचा कसा ते. प्रत्येक घोड्याचं एक ओळखपत्रक असतं. त्यावर घोड्याची कोरी आकृती छापलेली असते, दोन्ही बाजूंनी आणि समोरून. पांढरे डाग लाल शाईनं काढायचे. अंगावरच्या केसांचे भोवरे असतात तिथे काळी फुली. माणसाच्या बोटांचे ठसे तसे घोड्याचे भोवरे, दोघांचे सारखे नसतात. आणि काही थोड्या घोड्यांच्या मानेच्या खाली एक खळगा असतो, ओल्या मातीत कुणी अंगठा रुतवावा तसा. तिथे छोटा त्रिकोण. डॉक्टरनं काढलेला कागद मळका असायचा, त्याची स्वच्छ प्रत मी करायची. हे काम मला मनापासून आवडायचं. त्यात बोलावं लागत नसे.

नव्वद सालच्या नवरात्रात मी विलो लेन नावाच्या घोडीचं पान लावत होते. कल्याणच्या पुढे असलेल्या एका फार्मची ही घोडी, आईच्या पोटात असताना अमेरिकेहून आलेली. तिच्या आईचा बाप केंटकी डर्बी जिंकलेला. लिलावाला तिचं दीड वर्षांचं शिंगरू होतं आणि पानावर भरपूर काळं. पत्रकात लिहिलं होतं: रंग तपकिरी, कपाळावर चांदणी, चांदणीखाली दोन भोवरे एकमेकांना लागून, डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी खळगा. असा खळगा आणि असे जुळे भोवरे एकत्र मी कधी काढले नव्हते, म्हणून लक्षात राहिले.

दुपारी नाक्यावर देवीच्या मिरवणुकीची तयारी चालली होती. खाली दुकानासमोर झूल आणि कपाळावर गोंडा घातलेली एक तपकिरी घोडी उभी होती. मी चहा पीत खिडकीतून पाहत होते. घोडीनं मान फिरवली आणि मला तो खळगा दिसला.

अनोळखी माणसाशी बोलायला मला आधी दहा मिनिटं मनात वाक्यं जुळवावी लागतात. त्या दिवशी मी चप्पल न घालताच खाली गेले. घोडीजवळ साठीच्या आसपासचा एक आगरी माणूस उभा होता, डोक्याला रुमाल.

"काय बगतंस गो पोरी? बसाचा हाय काय?"

"नाही. हिच्या कपाळावर... गोंडा जरा बाजूला करता?"

"डॉक्टरीण हाय काय?"

चांदणी होती. खाली दोन भोवरे, लागून.

काशिनाथ भोईर त्याचं नाव. बाळकुमला तबेला, तबेला म्हणजे पत्र्याची एक पडवी. वरातीला आणि मिरवणुकीला घोडे द्यायचा धंदा. ही त्याच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आली. फार्मवाल्यांनी कागदाशिवाय देऊन टाकली होती, पोट राहत नाही म्हणून. नाव त्यानं ठेवलं होतं सोनी.

मी त्याला तिचं खरं नाव सांगितलं. आजा अमेरिकेतली सगळ्यात मोठी शर्यत जिंकला होता, तेही सांगितलं. तो हसायलाच लागला.

"अमेरिकेची? जल्लं मेलं, तरीच! मराठीत सांगला का आयकतच नाय. आता काय इंग्लिशमदे हाका मारू तिला?" मग शेजारच्या ढोलवाल्याला ओरडला, "ए, आमचे सोनीला अवो-जावो करून बोलाचा, अमेरिकेची हाय ती!"

रविवारी मी पत्रकाची प्रत घेऊन बाळकुमला गेले. घोडी अनोळखी माणसाला डाव्या बाजूनं जवळ येऊ देत नसे, कान मागे टाकायची. भोईरमामांनी तिच्या मानेवर हात ठेवला, तोंडानं च् च् करत राहिले, तेव्हा कुठे मला भोवरे मोजता आले. अकराच्या अकरा फुल्या जुळल्या. पाठीवर वरातीच्या खोगिराचे जुने वळ होते, ते पत्रकात नव्हते.

घोडी अकरा महिने पोटात वाढवते. शिंगरू दीड वर्षांचं. ही तीन वर्षं बाळकुमला. फार्मवर जन्मलेलं शिंगरू हिचं असणं शक्यच नव्हतं. कुठल्यातरी दुसऱ्या घोडीचं पोर विलो लेनच्या नावावर चढवलं होतं, काळं पान मिळावं म्हणून. कुणी म्हणेल, रक्ताची तपासणी नव्हती का? होती. पण बाटलीवर कुठल्या घोडीचं नाव लिहायचं, ते लिहिणारा माणूसच.

आता माझी चूक. मी शाळेत शिकवल्याप्रमाणे वागले. नवं कोरं ओळखपत्रक घेतलं आणि घोडी पाहिली तशी त्यात पूर्ण भरली. लाल शाई, काळ्या फुल्या, त्रिकोण, पाठीवरचे वळ. आमच्या पत्रकात शेवटी एक रकाना असतो: तपासणीच्या वेळी घोडा कुठे आणि कुणाच्या ताब्यात होता. रकाना रिकामा राहिला की पत्रक अपुरं, ते परत येतं. साडेतीन वर्षांत माझं एकही पत्रक परत आलं नव्हतं. मी लिहिलं: काशिनाथ भोईर यांचा तबेला, तलावामागे, बाळकुम, ठाणे. सुवाच्य अक्षरात. आणि तो कागद कर्णिकांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला.

"हे अजून कुणाला दाखवलंस?"

"नाही सर."

"छान काम केलंस. मी बघतो."

मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझे कान तापतात. मला वाटलं होतं, ते पान कॅटलॉगमधून निघेल.

पंधरा दिवसांनी डाकेत फार्मकडून एक फॉर्म आला. मृत्यूची नोंद. विलो लेन, घोडी, वय अकरा, कारण पोटशूळ. पुस्तकात ती नोंद करणं माझंच काम होतं. मी फॉर्म घेऊन आत गेले.

"सर, ही तर बाळकुमला होती."

"परत आणली त्यांनी, त्या तारखेच्या चार दिवस आधी. बदल्यात त्या माणसाला पांढरा घोडा दिला, चांगला धट्टाकट्टा. तो खूश आहे. वरातीला पांढराच लागतो."

"आणि चार दिवसांत पोटशूळ?"

"घोड्यांना होतो."

"तिला मारलं."

"शब्द जपून वापर, सुनीता." मग आवाज खाली आणून, एखाद्या मुलीला गणित समजवावं तसे म्हणाले, "नोंदणीवाल्यांचा माणूस तपासणीला आला असता तर? पाठीवर खोगिराचे वळ. तूच टिपलेस ना? ठेवणार कशी? इंजेक्शन दिलं, मिनिटाचं काम. आपण पानं लावतो, घोडे जन्माला घालत नाही. तू तुझं पान लाव."

मी पान लावलं. सगळ्यात जास्त राग मला ह्या वाक्याचा येतो आणि ते माझं आहे. बाबांच्या कारखान्यात कामाचं काही खरं राहिलं नव्हतं, धाकटा भाऊ कॉलेजात होता, ही कारणं खरी होती. पण मी नागमोडी रेघासुद्धा मारल्या, आणि त्या नीट आल्या. शिंगरू विकलं गेलं. बाळकुमला मी पुन्हा गेले नाही. बसनं जायची वेळ आली की मी लांबचा रस्ता घ्यायची.

दीड वर्षानं ते शिंगरू, आता तीन वर्षांचा घोडा, मुंबईला मोठी शर्यत जिंकलं. वर्तमानपत्रात फोटो आला. कर्णिक पेढे घेऊन आले नाहीत एवढंच, बाकी दिवाळी होती. फार्मला जाहिरात हवी होती आणि कर्णिकांनी मथळा स्वतः सांगितला: केंटकीचं रक्त बोललं.

केंटकीचं रक्त. त्या घोड्याची आई कोण हे मला आजही माहीत नाही. फार्मवरची कुठलीतरी बिनकागदाची घोडी. अकरा महिने तिनं पोटात वाढवला, दूध पाजलं, आणि तिच्या पोरानं कागदवाल्या सगळ्यांना मागे टाकलं. तेव्हा रक्त बोललं असेल तर ते तिचं. तिचं पत्रक नाही, फुल्या नाहीत, नाव नाही. मी मथळा टाइप करत होते आणि बोटं इतक्या जोरात आपटत होते की कर्णिक आतून म्हणाले, "मशीन मोडेल गं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात भोईरमामा उभे राहिले. पांढरा शर्ट, डोक्याला नवा रुमाल, हातात सुतळीनं बांधलेला पेढ्यांचा खोका.

"हतंच बसतंस ना गो तू? नाक्यावर इचारत इचारत आलो. आमचे सोनीचा पोरगा जिकला म्हनं!"

त्यांच्या ओळखीचा एकजण रेस खेळायचा. त्याच्या पुस्तकात जिंकलेल्या घोड्याच्या नावाखाली आईचं नाव होतं, मी सांगितलेलं तेच. मामांनी सुतळी सोडून खोका माझ्यापुढे धरला.

"घे. तुझे सायबाला पन दे. माझ्याकडं येवाच्या आधीचा असल ना तो? पोट राहत नाय बोललं मेलं, न हे बग! आता आयक, मना एक काम कर. मी फार्मवर दोनदा गेलो तिला बगाला. गेटवरनंच परत धारला. बोलतंत, लांब चरते. तू चिठी दे. एक पेढा मना तिला माझ्या हातानं देवाचा हाय."

कर्णिक बाहेर आले. "या, या. सुनीता, चहा सांग."

मी चहा सांगितला नाही. मामा माझ्याकडे बघून हसत होते.

"किती वरसांचा हाय गो पोरगा?"

"तीन," मी म्हटलं.

"तीन." त्यांनी मान हलवली. मग थांबले. बोटांवर मोजलं, एकदा, परत एकदा. "तीन वरसांपूर्वी तं ती माझे वरातीत व्हती."

"सुनीता," कर्णिक म्हणाले.

"तो तिचा नाहीये मामा. तिच्या नावावर दाखवलाय. खोटं पकडलं जाईल म्हणून तिला तुमच्याकडून नेली. ती कुठे आहे ते त्यांना माझ्यामुळे कळलं. तुमचा पत्ता मी लिहून दिला."

"न आता कुटं हाय ती?"

"नेल्यावर चार दिवसांत मारली. इंजेक्शननं."

भोईरमामा ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ते मला मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यापुढचा खोका मागे घेतला, झाकण बसवलं आणि सुतळी परत बांधायला लागले. गाठ नीट बसेना. मग मान वर न करता विचारलं, "धरली कुनी व्हती?"

"काय?"

"सुई मारताना. कुनीतरी धरला असल ना तिला? नव्या मानसाला ती डावे अंगाला येव देत नाय. तू बगलंस. कुनी धरली?"

मला माहीत नव्हतं. मी कर्णिकांकडे बघितलं. "सर?"

"आता ह्याला काय अर्थ आहे?" कर्णिक म्हणाले. "मला कसं माहीत असणार?"

फोन त्यांच्या हाताशी होता. फार्मचा नंबर मला पाठ होता, पण पाच वर्षांत मी तो स्वतः कधी लावला नव्हता. फोनवर बोलायची मला भीती वाटायची, कर्णिक माझ्यासाठी बोलायचे. मी उठले, फोन माझ्याकडे ओढला आणि नंबर फिरवला. कर्णिकांनी रिसिव्हरवर हात ठेवायला हात पुढे केला. मामा एक पाऊल आत आले. कर्णिकांनी हात मागे घेतला.

फार्मच्या मॅनेजरनं उचलला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. विचारलं, विलो लेनला इंजेक्शन दिलं तेव्हा तिला कुणी धरलं होतं?

"कोण विलो लेन?" मग आठवलं. "अहो मॅडम, ती पोटशूळानं गेली. कर्णिकसाहेब आहेत का?"

"त्यांना नाही, मला सांगा. कुणी धरलं होतं?"

"असेल कुणीतरी घोडे सांभाळणारा सईस. किती दिवस झाले त्याला!"

"त्याचं नाव सांगा."

त्यानं फोन ठेवला. मामा दारातच उभे होते, खोका छातीशी धरून. मी परत नंबर फिरवला.